फिल्टरवर नसलेली तारीख

१

चौदा महिने मी एका पत्राला उत्तर दिलं नाही. पत्र हरवलं नव्हतं. टेबलाच्या डावीकडच्या खणात, चष्म्याच्या जुन्या डबीखाली होतं. तो खण उघडावा लागू नये म्हणून मी पेनं आणि पाकिटं उजवीकडच्या खणात हलवली होती. माणूस स्वतःपासून काय काय लपवतो, आणि तेही वीतभर अंतरावर.

पत्र माझ्या भाचीचं होतं. लहानसंच. त्यातला 'तो' म्हणजे तिचा नवरा.

"मामा, तोंडी विचारलं तर तुम्ही 'बघू' म्हणाल आणि पुस्तकात डोकं घालाल. म्हणून लिहून विचारते, लिहूनच सांगा. बाबा ह्याच्यामुळे गेले का? आई म्हणते, हो. तोही म्हणतो, हो. मला कुणातरी तिसऱ्याने सांगायला हवं आहे, आणि तुम्ही जन्मभर रहस्यकथा वाचल्यात. विम्याच्या सर्व्हेअरच्या अहवालाची झेरॉक्स जोडली आहे. तुमचं पुस्तकही पाठवते. बाबांच्या पिशवीत होतं. ते तुमच्याकडेच निघाले होते ना."

शेवटचं वाक्य वाचलं आणि मी खण लावून टाकला होता.

कारण ते खरं होतं. मेव्हणे त्या रविवारी सकाळी माझ्याकडेच निघाले होते, माझं पुस्तक परत करायला. मी अडतीस वर्षं ग्रंथपाल होतो. निवृत्त झालो तरी मुदत संपलेलं पुस्तक माझ्या घशात काट्यासारखं अडकतं. त्या आठवड्यात मी त्यांना तीनदा फोन केला होता. "पुस्तक कधी देताय?" तिसऱ्या वेळी ते हसून म्हणाले होते, "पंडित, रविवारी स्वतः आणून देतो. मग तरी जेवाल ना नीट?"

हायवेच्या चढावर त्यांच्या गाडीचं इंजिन जाम झालं. गाडी होती तिथेच थांबली. मागच्या ट्रकला थांबता आलं नाही.

अहवालात कारण स्पष्ट लिहिलं होतं. तेलाचा फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली होती, आणि तिच्यावरच नवा फिल्टर, त्याच्या स्वतःच्या रिंगसह, बसवला गेला होता. एकीच्या जागी दोन रिंगा. अशी जोडी दिवस-दोन दिवस तग धरते आणि जोर पडला की निसटते. सगळं तेल मिनिटभरात रस्त्यावर. खाली एक ओळ होती: "कुटुंबीयांच्या सांगण्यानुसार शेवटचा तेलबदल अपघातापूर्वी सहा दिवस, घरी, जावयाने केला."

मग उत्तर द्यायला उरलं काय होतं? उत्तर "हो" होतं, आणि ते लिहायची माझी छाती नव्हती. त्याखाली आणखी एक प्रश्न होता, तो तर मी मनातही धड विचारला नव्हता: त्यांना त्या रस्त्यावर कुणी आणलं?

पुस्तक मी तसंच कपाटात ठेवलं, पाठ भिंतीकडे करून. मेव्हण्यांना समासात पेन्सिलीने लिहायची खोड होती. 'पंडित, हे काही पटलं नाही.' 'पंडित, इथे झोप लागली.' दर वेळी मी रागावून रबराने खोडत बसायचो. या खेपेला खोडायला बसण्याची हिंमत नव्हती.

परवाच्या गुरुवारी बहिणीचा फोन आला.

"दादा, पोरगी सोमवारी सह्या करतेय."

"कसल्या?"

"वेगळं व्हायच्या. त्यानेच कागद करून पाठवलेत. म्हणतो, तुझ्या बापाला मारणाऱ्याबरोबर कशाला राहतेस."

"आणि ती?"

"ती काय, चौदा महिने पोस्टमनची वाट बघतेय." बहीण थांबली. "तुला काही माहीत आहे का रे, कुणाच्या पत्राची?"

मी "बघू" म्हणालो. आणि माझ्याच तोंडून तो शब्द ऐकून हबकलो.

खण उघडला आणि पत्राबरोबरची झेरॉक्स पिशवीत टाकली.

२

शुक्रवारी सकाळच्या बसने मी जावयाच्या खोलीवर पोचलो. अपघातानंतर तो घर सोडून लॅबच्या मागच्या गल्लीत राहत होता. रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबमध्ये तो तंत्रज्ञ आहे. बाटलीवर नाव-तारीख नसेल तर ती बाटलीच नव्हे, असं शिकलेला माणूस. लग्नानंतर महिन्याभरात त्याने सासरच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावली होती. मेव्हणे तेव्हा म्हणाले होते, "उद्या माझ्या कपाळावर 'सासरा' लिहील, भरल्याची तारीख टाकून."

या खोलीतही मिठाच्या बरणीवर 'मीठ' होतं, खाली तारीख. तो मात्र अर्धा झाला होता.

"मामा, तुम्ही का आलात? माझं सगळं कबूल आहे."

"कबूल आहे ते माहीत आहे. कसं केलंस ते सांग."

त्याने मान खाली घातली. "बाबांचं ठरतच नव्हतं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जायचे तेव्हा म्हणायचे, चहा पाजतात पण गाडी बघू देत नाहीत. मग दोनदा त्या झटपट तेल बदलणाऱ्या दुकानात गेले, ज्यांच्या गावभर शाखा आहेत ना, तिथे. तर म्हणाले, गाडी दिसते पण माणूस दिसत नाही, सगळे धावत असतात. मीच म्हटलं, बाबा, चार लिटर तेल आणि एक फिल्टर, घरी करू. मीच म्हटलं, मामा."

"पुढे?"

"सोमवारी सुट्टी होती. फिल्टर कंपनीच्या सेंटरमधूनच आणला. गाडी रॅम्पवर चढवली, तेल काढलं, जुना फिल्टर काढला."

"त्याची रिंग त्याच्याबरोबर निघाली?"

त्याने मिठाच्या बरणीचं झाकण घट्ट केलं. मग म्हणाला, "निघाली होती. मी बघितली होती. मामा, चौदा महिने मी रोज तो फिल्टर डोळ्यांसमोर धरतो. एक दिवस रिंग असते, एक दिवस नसते. आता मला काहीच आठवत नाही."

हा रोग मला ओळखीचा आहे. स्वतःवर संशय घ्यायची सवय लागली की खरं काय घडलं ते आठवणीतून झिजत जातं.

"आणि नवा बसवलास."

"रिंगला तेलाचं बोट लावलं, हाताने आवळला, तारीख लिहिली..."

"कशावर?"

"फिल्टरवर. तळाला. खालून वाकून बघितलं की वाचता यावी अशी, मोठ्या अक्षरात."

मी पिशवीतून झेरॉक्स काढली. अहवाल चार पानी होता. शेवटच्या पानावर गाडीतून काढलेल्या फिल्टरचे तीन काळेपांढरे फोटो होते, त्यातला एक नेमका तळाचा.

"तू हे पान बघितलंयस?"

"'दोन रिंगा' एवढं वाचलं आणि मिटलं. पुढे नाही बघवलं."

मी पान त्याच्यासमोर ठेवलं. त्याने नाइलाजाने पाहिलं. मग पान उचलून खिडकीपाशी नेलं.

तळ स्वच्छ होता. एक अक्षर नाही.

"तेलाने पुसलं गेलं असेल," मी घाईघाईने म्हणालो. कुणाला आशा लावायची मला भीती वाटते.

"मार्कर लॅबचा आहे. तेल, स्पिरिट, कशानेही जात नाही. म्हणून तर..." तो मध्येच थांबला. फोटो डोळ्यांच्या अगदी जवळ धरला. "मामा, हा फिल्टर कुणाचा आहे?"

३

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काचेची भिंत होती आणि काचेला पडदा होता. खरंच चहा आला. टेबलामागे टाय लावलेले एक सल्लागार होते. समोर बसल्यावर मला प्रश्नच सुचेना. रहस्यकथांमधला गुप्तहेर कधी चाचरत नाही. मी तिथे दोनदा "म्हणजे" म्हणालो आणि झेरॉक्स पुढे सरकवली.

"आजोबा, ह्या गाडीची आमच्याकडची शेवटची नोंद तीन वर्षांपूर्वीची आहे," ते संगणकात बघून म्हणाले. "आमच्याकडे पान हललं तरी नोंद होते."

"फिल्टर मात्र तुमच्याकडूनच नेला होता. सुटा."

"नेला असेल. पण हा तो नाही."

"फोटोवरून कळतं?"

त्यांनी फळीवरून एक नवा फिल्टर आणला आणि माझ्यासमोर उलटा ठेवला. "कडेचे हे कंगोरे मोजा. पाना बसायला असतात."

मी मोजले. आठ. पुन्हा मोजले, कारण माझा माझ्यावर विश्वास नाही. आठच.

"आता फोटोतले."

फोटोत चौदा होते. तीन वेळा मोजले, तरी चौदा.

जावयाने बसवलेला फिल्टर अपघाताच्या दिवशी गाडीत नव्हताच. सोमवार आणि रविवार यांच्यामध्ये कुणीतरी तो काढला होता आणि दुसरा बसवला होता. इंजिनला चिकटून राहिलेली रिंग जावयाच्या फिल्टरची असली तरी तो काढणारा हात दुसरा होता.

"जावयाचं काम बिघडलेलं नसताना कोण कशाला पुन्हा करेल?" मी मोठ्याने म्हणालो.

"आजोबा, ज्याचा विश्वास नाही तो करेल," सल्लागार म्हणाले. "चौदा कंगोऱ्यांचे फिल्टर त्या झटपटवाल्यांकडे असतात. त्यांना विचारा. पण ते सांगणार नाहीत."

४

मेव्हणे पूर्वी जात ती शाखा बसस्टँडच्या मागे होती. तीन खड्डे, तिन्हींवर गाड्या, आणि खाली खड्ड्यात उभी असलेली माणसं, फक्त डोकी दिसणारी. काउंटरवर हेडफोन लावलेली मुलगी होती. मागे रांग होती. मी बोलायला तोंड उघडलं.

"मोबाइल नंबर?" ती म्हणाली.

"नाही, मला एक चौकशी..."

"काका, नंबरशिवाय काहीच उघडत नाही. मागे लोक आहेत."

मागे खरंच लोक होते. रांगेतल्या लोकांना ताटकळत ठेवणं मला जमत नाही. मी मुकाट्याने माझा नंबर सांगितला. वाटलं, हिने 'तुमची नोंद नाही' म्हटलं की बाजूला होऊन नीट विचारू. माझ्याकडे गाडी नाही. कधीच नव्हती. मला चालवताही येत नाही.

तिने बटणं दाबली.

"हं. आला होतात की तुम्ही. तेल आणि फिल्टर."

"कोण?"

"तुम्ही, काका." तिने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला.

माझा नंबर होता. खाली गाडीचा क्रमांक होता, आणि तो मला पाठ होता. सकाळपासून अहवालात वीस वेळा वाचला होता. तारीख अपघाताच्या आदल्या दिवसाची. शनिवार, सकाळी अकरा वाजून पाच मिनिटं.

मी काउंटर घट्ट धरला. क्षणभर, अगदी खरं सांगतो, मला वाटलं की हे मीच केलं आणि विसरलो. माझ्यासारख्याला अपराधी वाटायला तेवढंही पुरतं.

"पाणी हवंय का काका?"

"हे काम कुणी केलं होतं, ते कळेल?"

तिने आत हाक मारली. तिसऱ्या खड्ड्यातून पन्नाशीचे एक मिस्त्री वर आले. केस पिकलेले, हात कोपरापर्यंत काळे. मी त्यांना बाजूला नेलं. काय झालं ते न सांगता एवढंच विचारलं की जुनी रिंग इंजिनला चिकटून राहू शकते का.

"राहते की. कुणीही बसवलेली चिकटते. इंजिन तापतं, रबर धरून बसतं. म्हणून तर नवा लावायच्या आधी बोट फिरवायचं."

"डोळ्यांनी दिसत नाही?"

"काळ्यावर काळं, वर तेल. काय दिसणार? बोटालाच कळतं."

"तुम्ही दर वेळी फिरवता?"

"फिरवतो ना." ते हसले. मग माझ्या हातातली झेरॉक्स त्यांना दिसली. त्यांनी ती घेतली, धरून ठेवली, गाडीचा क्रमांक वाचला, फोटो पाहिला. शनिवारची गर्दी, ओरडणारा मॅनेजर, यातली एकही सबब त्यांच्या तोंडून आली नाही. ते आपल्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाकडे बघत राहिले.

"माणूस कसा आहे?" त्यांनी विचारलं.

मी नकाराची मान हलवली.

त्यांनी कागद परत दिला नाही. तिथेच पायरीवर बसले. आतून कुणीतरी ओरडलं, "तीन नंबर, गाडी लागलीय!" ते उठले नाहीत.

मला त्यांचा राग यायला हवा होता. येईना. माझ्या डोक्यात एकच प्रश्न घुमत होता. मेव्हण्यांनी माझा नंबर का दिला?

५

परतीच्या बसमध्ये मी फोनवरचे संदेश उघडले. आयुष्यात पहिल्यांदाच. भाचीनेच फोन घेऊन दिला होता, आणि मी तो फक्त वाजला की उचलतो. न वाचलेले एक हजार नऊशे संदेश होते. अंगठा दुखेपर्यंत मागे गेलो. तो सापडला: 'आमच्याकडे आल्याबद्दल आभार. आमची सेवा कशी वाटली?'

चौदा महिने हे माझ्या खिशात होतं.

खिडकीबाहेर तो चढ आला तेव्हा मी डोळे मिटले. आणि मिटल्यावर दिसलं ते कपाट. भिंतीकडे पाठ करून ठेवलेलं पुस्तक. ते शनिवारी मेव्हण्यांच्या हातात होतं. आणि हातात पुस्तक आणि पेन्सिल असताना मेव्हणे गप्प बसत नसत.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. चपला न काढताच कपाटाशी गेलो.

पुस्तक आपोआपच एकशे बाराव्या पानावर उघडलं. तिथे काहीतरी चिकटवलेलं होतं. तळहाताएवढं पारदर्शक स्टिकर, कडा चुरगळलेल्या. झटपटवाले पुढच्या काचेवर लावतात ते, 'पुढचा तेलबदल अमुक किलोमीटरला' असं लिहिलेलं. काचेवरून नखाने खरवडून काढलेलं. घरी कुणाला दिसू नये म्हणून.

बाजूला, समासात, पेन्सिलीने:

'पंडित, गुन्हा कबूल. गाडी पुन्हा करून घेतली. जावयाने जीव ओतून केलं होतं, तारीखसुद्धा टाकली. पण उद्या हायवेवर जायचंय आणि माझा जीव भित्रा. त्याला कळलं तर वाईट वाटेल. माझा फोन तोच बघतो, म्हणून तुमचा नंबर दिला. तुम्ही कुठे वाचता! उद्या हे वाचा, खोडा, आणि घरी बोलू नका.'

मी जमिनीवरच बसलो.

एका भल्या माणसाला जावयाला "तुझ्या कामाचा भरवसा वाटत नाही" म्हणवलं नाही. म्हणून त्याने चांगलं काम गुपचूप मोडून पुन्हा करून घेतलं, आणि त्याच्या खुणाही स्वतःच्या हाताने पुसल्या. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. नव्हे, मी याहून वाईट केलं होतं. त्याने गुपित ज्याच्या हाती सोपवलं, तो मी होतो. आणि मी ते उघडलंच नाही. एका माणसाने चौदा महिने स्वतःला खुनी समजावं, इतका उशीर मी केला. सर्व्हेअर चुकला, घरचे चुकले, पण पुरावा माझ्या घरात होता.

६

फोन आधी केला. लिहून सांगायचं होतं, पण सोमवार पत्राची वाट बघणार नव्हता.

"मामा?" भाची म्हणाली.

"सही करू नकोस. पत्र टाकतोय."

"चौदा महिन्यांनी?"

"हो."

"त्यात काय आहे?"

मला सांगता आलं असतं. पण तोंडी सांगताना मी "म्हणजे", "तसं बघितलं तर" यांची भर घालतो, आणि या उत्तरात तसला एकही शब्द नको होता.

"लिहून विचारलंयस," मी म्हणालो. "लिहूनच सांगतो. पण उत्तर 'नाही' आहे."

तिने फोन ठेवला नाही. मागे बहिणीचा आवाज आला, "कोण आहे गं? रडतेस का?" मग तिनेच हळूच फोन ठेवला.

पत्र लिहायला मला शनिवारची सकाळ लागली. सात कागद फाडले. आठव्यावर एवढं राहिलं:

"तू विचारलंस, बाबा ह्याच्यामुळे गेले का. नाही. त्याने बसवलेला फिल्टर त्या दिवशी गाडीत नव्हता. आदल्या दिवशी बाबांनी तो दुकानात बदलून घेतला, आणि बदलणाऱ्याने जुनी रिंग राहिली का ते पाहिलं नाही. सोबतचं पान बाबांच्या हातचं आहे. आधी त्याला दाखव, मग आईला. ते माझ्याकडे निघाले कारण मी पुस्तकासाठी तगादा लावला होता, हेही तुला माहीत असू दे. उशीर माझा आहे. मामा."

सोबतचं पान. अडतीस वर्षांत मी कुणाला पुस्तकाचा कोपरासुद्धा दुमडू दिला नाही. पान फाडणाऱ्या एका प्राध्यापकाला मी, हो, मी, सगळ्यांदेखत वाचनालयाबाहेर काढलं होतं. पुस्तक टेबलावर ठेवलं, पट्टी लावली, आणि एकशे बारावं पान स्टिकरसकट फाडलं. आवाज झाला. बाकी काही झालं नाही.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत पाकीट टाकलं. दोन पावलं पुढे गेलो आणि परत आलो. पेटीच्या तोंडातून बोट आत घातलं आणि कडेने सगळीकडून फिरवून बघितलं.

काही चिकटलेलं नव्हतं. पत्र आत पडलं होतं.